गोड्या पाण्यातील मोठ्या माशासाठी टाकीची निवड

तालुक्याच्या आठवडे बाजारात अलीकडे रोपे, बियाणे व कोंबडीची पिल्ले यांच्या जोडीला रंगीत माशांचे दुकानही हमखास दिसते. पाण्याने फुगलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बोटाएवढा मासा, सोबत दहा लिटरांचे गोल काचपात्र आणि मूठभर रंगीत खडे, असा सारा संसार मूल आनंदाने घरी घेऊन येते. सहा महिन्यांनी तोच मासा पात्रात वळूही शकत नाही. पाणी रोज गढूळते, माशाचे पर झडू लागतात, आणि मग घरातील कोणीतरी त्याला विहिरीत किंवा ओढ्यात सोडून देतो. यात चूक मुलाची नसते. मासा घेताना तो आज केवढा आहे हे पाहिले गेले. तो पुढे केवढा होईल हे कोणी विचारलेच नाही.

मुंबईत १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडल्यापासून मोठे मासे काचेआड पाहण्याची हौस महाराष्ट्रात सर्वदूर पसरली. परंतु मत्स्यालयाच्या टाक्या आणि घरातील पेटी यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. मोठा मासा पाळावयाचा झाल्यास प्रथम टाकीचा विचार करावा, टाकी सिद्ध करावी, आणि मगच मासा आणावा. प्रत्यक्षात हा क्रम बहुधा उलटा होतो.

मासा ओळखणे

दुकानात लहान दिसणारे पुष्कळ मासे जातीने मोठे असतात. काळ्या-नारिंगी ठिपक्यांचा ऑस्कर हा दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन खोऱ्यातील मासा. पाच सेंटिमीटरांचे पिल्लू एका वर्षात वीत ओलांडते आणि पुढे टाकीतही ३० सेंटिमीटरांपर्यंत वाढते. चांगली निगा राखल्यास तो दहा वर्षांहून अधिक काळ जगतो. गोरामी हा आग्नेय आशियातील मासा असून विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तो जावा बेटातून मद्रास इलाख्यात आणला गेला. जावामध्ये तो खाण्यासाठी तळ्यांत वाढवितात. तो सर्रास ४५ सेंटिमीटर व क्वचित त्याहूनही पुष्कळ मोठा होतो.

‘शार्क’ म्हणून जे रुपेरी, चपळ पिल्लू विकले जाते, ते शार्क नव्हेच. ते पंगस माशाचे पिल्लू होय. जलाशयांत पिंजरे लावून मत्स्यशेती करणाऱ्या शेतकऱ्यांस हा मासा चांगला परिचित आहे. तो मीटरभराहून अधिक लांब होऊ शकतो. तसेच ‘पिरान्हा’ म्हणून पुष्कळदा जो दिला जातो तो रूपचंद असतो, आणि त्याचेही वजन काही किलोंपर्यंत जाते. पंगस व रूपचंद हे तळ्याचे मासे आहेत. त्यांना घरातील काचपेटीत ठेवण्याचा विचारच सोडून द्यावा. विकणारा काहीही सांगो, घेणाऱ्याने माशाचे खरे नाव व पूर्ण वाढीची लांबी विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. म्हैस घेताना वेत, दूध व दात तपासणारा शेतकरी मासा घेताना मात्र केवळ रंगावर भुलतो, हे नवल आहे.

सबब पुढील विवेचन मुख्यतः ऑस्कर व गोरामी या दोन माशांना धरून केले आहे.

लांबी आणि वजन यांचा हिशेब

‘एका इंच माशास एक गॅलन पाणी’ असा एक जुना ठोकताळा पुष्कळ दुकानदार सांगतात. बारीक माशांपुरता तो कसाबसा चालतो. मोठ्या माशास तो लावणे म्हणजे फसवणूक होय. याचे कारण साधे गणित आहे. माशाची लांबी दुप्पट झाली म्हणजे त्याची रुंदी व जाडीही जवळजवळ दुप्पट होते, म्हणून वजन आठपट होते. एक-एक इंचाचे बारा मासे आणि बारा इंचांचा एक मासा या दोहोंस त्या नियमाप्रमाणे बाराच गॅलन पाणी लागावे. पण शरीर सारखे धरल्यास त्या एका माशाचे वजन बारा लहान माशांच्या एकत्रित वजनाच्या १४४ पट भरते. ५ सेंटिमीटरांचा ऑस्कर ३० सेंटिमीटरांचा झाला की त्याचे वजन मूळच्या सुमारे २१६ पट होते. त्याचे खाणे त्या प्रमाणात वाढले नाही तरी ते अनेक पटींनी वाढते, आणि जितके खाणे तितकी पाण्यात घाण.

‘मासा टाकीच्या मापानेच वाढतो’ ही दुसरी समजूतही टाकून दिली पाहिजे. कोंदट पाण्यात माशाची वाढ खुंटते हे खरे, पण ती आजारी जनावराची खुंट असते. कणा वाकतो, डोके शरीराच्या मानाने मोठे दिसते, आणि दहा वर्षे जगणारा मासा दोन वर्षांत मरतो. कुंडीत लावलेला आंबा खुजा राहतो म्हणून कुंडी आंब्यास मानवली असे कोणी म्हणत नाही.

टाकीचे आकारमान

टाकी निवडताना लोक प्रथम लिटर विचारतात. वस्तुतः माशाच्या दृष्टीने लांबी व रुंदी अधिक महत्त्वाची. मासा पोहतो आडवा. त्यास वळावयास जागा लागते ती रुंदीत. टाकीची रुंदी पूर्ण वाढलेल्या माशाच्या लांबीच्या निदान दीडपट आणि टाकीची लांबी निदान चौपट असावी, असे धरून चालावे. त्याप्रमाणे ३० सेंटिमीटरांच्या एका ऑस्करसाठी १२० सेंटिमीटर लांब, ४५ सेंटिमीटर रुंद व ५० सेंटिमीटर खोल ही किमान टाकी झाली. तिच्यात २७० लिटर पाणी मावते. ऑस्करांची जोडी ठेवावयाची तर १८० सेंटिमीटर लांब आणि ६० सेंटिमीटर रुंद व खोल, म्हणजे ६४८ लिटरांची टाकी हवी.

तेच २७० लिटर पाणी ६० सेंटिमीटर लांब, ४५ सेंटिमीटर रुंद व १०० सेंटिमीटर उंच अशा उभट टाकीतही मावते. अशा टाक्या कमी जागा व्यापतात आणि दिवाणखान्यात दिमाखदार दिसतात. परंतु हवेतील प्राणवायू पाण्यात शिरतो तो पृष्ठभागातून, आणि उभट टाकीचा पृष्ठभाग पसरट टाकीच्या निम्माच असतो. शिवाय पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढत असल्याने उभट टाकीच्या पुढील काचेवर सुमारे ३०० किलोंचा जोर येतो; पसरट टाकीत तो १५० किलोंच्या आसपास राहतो. म्हणजे मासा गुदमरतो आणि काचही ताणली जाते. उभट टाकी मोठ्या माशास केव्हाही घेऊ नये.

उन्हाळ्यात प्राणवायूची अडचण आणखी वाढते. २० अंश सेल्सिअस तपमानाच्या पाण्यात दर लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांवर तो साडेसात मिलिग्रॅमांवर येतो. पाणी तापते तेव्हाच माशाची प्राणवायूची गरज वाढते आणि नेमका तेव्हाच पुरवठा घटतो. विदर्भ-मराठवाड्यातील चैत्र-वैशाखात पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या टाकीत मासे का मरतात, याचे उत्तर बहुतेक वेळा एवढेच असते.

काही जण लहान टाकीपासून आरंभ करून मासा वाढेल तशी मोठी टाकी घेण्याचा बेत करतात. तसे करताना तीन टाक्या, तीन झाकणे व तीन गाळण्या विकत घ्याव्या लागतात, आणि दोन अडगळीत पडतात. पहिल्यापासून मोठी टाकी घेणे अंती स्वस्त पडते. शिवाय लहान मासा मोठ्या पाण्यात असला की चुकून जास्त पडलेले खाद्यही त्यास लगेच बाधत नाही.

वजन आणि बैठक

पाण्याचे वजन विसरल्याने माशाहूनही मोठे नुकसान होऊ शकते. १८०, ६० व ६० सेंटिमीटरांच्या टाकीत वरून पाच सेंटिमीटर सोडून पाणी भरले तरी ते जवळजवळ ६०० किलो भरते. १२ मिलिमीटर जाडीची काच सुमारे १२० किलो, तळाची वाळू व दगड धरले म्हणजे एकंदर भार ८०० किलोंच्या घरात जातो, आणि तो सारा एका चौरस मीटरभर जागेवर. राहत्या घराच्या स्लॅबचा आराखडा करताना दर चौरस मीटरास सुमारे २०० किलोंचा वापरभार धरतात. म्हणून माडीवर, लाकडी तक्तपोशीवर किंवा जुन्या माळवदावर अशी टाकी ठेवणे धोक्याचे आहे. पक्क्या घरातही ती तळमजल्यावर, जमिनीलगत जोत्यावर ठेवावी. वरच्या मजल्यावर ठेवावयाचीच असेल तर बांधकामाच्या जाणकारास दाखविल्याविना ठेवू नये.

शेणाने सारवलेली जमीन एका बाजूने खचते. तिच्यावर टाकी ठेवावयाची तर विटांचा ओटा बांधून वर शहाबादी किंवा कडाप्पा फरशी बसवावी. फरशी पाणसळ लावून चारही बाजूंनी तपासावी. टाकीखाली थर्माकोलचा तक्ता घालावा, म्हणजे फरशीचा बारीक उंचसखलपणा काचेस टोचत नाही. टाकी बसविल्यावर पाण्याने भरून आठ दिवस तशीच, मासा न घालता ठेवावी. सिलिकोनच्या सांध्यांतून पाझर असेल तर तो याच दिवसांत कळतो. जुन्या बाजारात स्वस्त मिळालेल्या टाकीच्या बाबतीत तर ही परीक्षा अटळ समजावी. ६० सेंटिमीटर खोलीच्या लांब टाकीस १२ मिलिमीटरांपेक्षा पातळ काच नको, आणि वरच्या कडेला आडव्या काचपट्ट्या बसविलेल्या असाव्यात. लांब बाजूच्या काचेवर काठोकाठ भरलेल्या पाण्याचा एकंदर जोर सुमारे ३२४ किलो असतो. पट्ट्या नसल्या तर काच मध्यभागी फुगते.

झाकण घट्ट व वजनदार असावे. ऑस्कर उडी मारतो. झाकण व पाणी यांत आठ-दहा सेंटिमीटर हवा मोकळी ठेवावी. गोरामीच्या बाबतीत ती अत्यावश्यक आहे, कारण मरळ माशाप्रमाणे तोही पृष्ठभागावर येऊन हवा घेतो. ऑस्कर तळ उकरतो, रोपे उपटतो, दगड ढकलतो. म्हणून त्याच्या टाकीत नदीची धुतलेली जाड वाळू आणि वळण्यास जागा सोडून ठेवलेले दोन-चार मोठे गुळगुळीत गोटे पुरेत. शोभेचे किल्ले व प्लॅस्टिकची झाडे दुकानातच शोभतात.

काचपेटी की हौद?

गोरामीस हेच प्रमाण लावून पाहिले असता हिशेब काचेच्या आवाक्याबाहेर जातो. ५० सेंटिमीटरांच्या माशास निदान २०० सेंटिमीटर लांब व ७५ सेंटिमीटर रुंद टाकी हवी, आणि सढळ हाताने विचार केल्यास २४० सेंटिमीटर लांब, ९० सेंटिमीटर रुंद व ७० सेंटिमीटर खोल. एवढीत दीड हजार लिटरांहून अधिक पाणी मावते. अशा टाकीची काच, लोखंडी बैठक व वाहतूक यांचा खर्च हौशी मनुष्यासही जड जातो. शहरातल्या माणसाचा नाइलाज असतो. शेतकऱ्याजवळ मात्र जागा आहे, आणि त्याने काचेचा हट्ट धरण्याचे कारण नाही. अंगणातील किंवा विहिरीजवळील सिमेंटचा हौद मोठ्या माशास काचपेटीपेक्षा सर्व बाबतींत सरस ठरतो. मासा बाजूने दिसत नाही, वरून दिसतो, एवढाच तोटा.

३ मीटर लांब, २ मीटर रुंद व १ मीटर खोल हौदात ९० सेंटिमीटर पाणी ठेवल्यास ५,४०० लिटर होते. हौदाचा निम्मा भाग जमिनीत घ्यावा. भोवतालची माती उन्हाळ्यात पाणी फार तापू देत नाही आणि थंडीत फार निवू देत नाही. गोरामी उष्ण प्रदेशातील मासा आहे. पाणी २० अंशांच्या खाली गेले की तो सुस्तावतो व खाणे सोडतो. नाशिक, जळगाव किंवा नागपूरकडील कडाक्याच्या रात्री हौदावर ताडपत्री ओढून वर कडब्याच्या पेंढ्या पसराव्यात. ऑस्करला थंडी याहून लवकर बाधते. उन्हाळ्यात निम्म्या हौदावर हिरव्या जाळीची सावली करावी. खंड्या, बगळा व मांजर यांच्यासाठी जाळे पसरावे.

नव्या सिमेंटमधून चुना पाण्यात उतरतो आणि पाणी अतिशय अल्कधर्मी होते. अशा पाण्यात सोडलेला मासा काही तासांत मरू शकतो. हौद भरावा, तीन-चार दिवस ठेवावा, रिकामा करून काथ्याने घासावा, पुन्हा भरावा. असे तीन आठवडे करावे. केळीच्या खांबाचे तुकडे पाण्यात कुजत टाकण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. तीही करून पाहावी, परंतु भरवसा ठेवावा तो सामू मोजण्याच्या कागदावर. सामू साडेआठाच्या खाली येऊन तेथेच टिकला म्हणजे हौद तयार झाला.

ज्या हौदातून रोज ओलीत होते तो आणखी चांगला, कारण त्यातील पाणी आपोआप बदलते आणि माशाच्या विष्ठेतील नत्र भाजीपाल्यास मिळते. मात्र निदान ६० सेंटिमीटर पाणी हौदात सदैव राहील अशा उंचीवर निर्गम नळी बसवावी, तिला जाळी लावावी, आणि विद्राव्य खते या हौदात केव्हाही कालवू नयेत.

गोरामीचे खाणे शेतकऱ्यास सोयीचे आहे. मोठा गोरामी मुख्यत्वे पाला खातो. जावामध्ये त्यास अळूच्या जातीची पाने घालतात. येथेही अळूची कोवळी पाने, शेवाळ व भाजीचा निवडलेला पाला चालतो, पण तो फवारणी न केलेल्या वाफ्यातला असला पाहिजे. आज घातलेला पाला उद्या उरला तर काढून टाकावा. ऑस्कर मांसाहारी आहे. त्यास माशाच्या खाद्याच्या गोळ्या व स्वच्छ मातीतील गांडुळे द्यावीत.

पाणी, गाळणी आणि वीज

मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. तो त्यास विषारी आहे. निसर्गात एका प्रकारचे जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात आणि दुसरे नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट पुष्कळ कमी बाधते. हे जीवाणू गाळणीतील दगडांवर व जाळीवर वस्ती करतात. नव्या टाकीत ती वस्ती स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे लागतात. या अवधीत खाद्य अगदी बेताने घालावे. शेजारच्या जुन्या, निरोगी टाकीतील गाळणीचे मूठभर दगड मिळाले तर विरजणाप्रमाणे काम करतात. गाळणी नळाच्या पाण्याने धुवू नये. टाकीतून काढलेल्या पाण्यातच खळबळून घ्यावी, नाहीतर विरजणच धुऊन जाते. पंप असा निवडावा की टाकीतील पाणी तासाला चार-पाच वेळा गाळणीतून फिरेल. ६०० लिटरांस तासाला २,४०० ते ३,००० लिटरांचा पंप लागतो.

दर आठवड्यास एकचतुर्थांश पाणी बदलावे. ६०० लिटरांच्या टाकीत हे १५० लिटर झाले. ज्या गावात उन्हाळ्यात टँकरने पाणी येते तेथे एवढे पाणी माशास देणे कोणासही रुचणार नाही आणि रुचूही नये. अशा गावी मोठा मासा पाळूच नये, हे स्पष्ट सांगितलेले बरे.

ग्रामपंचायतीच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकलेली असते. तिच्यातील क्लोरीन माशाचे कल्ले जाळते. पाणी उघड्या भांड्यात चोवीस तास ठेवून, मधून मधून ढवळून मग घालावे. कूपनलिकेचे पाणी वर येते तेव्हा त्यात प्राणवायू फारच थोडा असतो. तेही एक दिवस उघडे ठेवावे. फवारणीसाठी वापरलेली बादली, मग किंवा नळी टाकीजवळ येऊ देऊ नये. पायरेथ्रॉइड वर्गातील कीटकनाशके माशास अत्यल्प प्रमाणातही मारक आहेत, आणि डासांच्या कित्येक उदबत्त्यांतही हीच द्रव्ये असतात. हवेचा पंप खोलीतील धूर ओढून थेट पाण्यात सोडतो, म्हणून टाकीच्या खोलीत अशी उदबत्ती लावू नये.

वीज गेली की गाळणी थांबते. गोरामी वरची हवा घेऊन वेळ निभावतो. ऑस्करला ती सोय नाही. बॅटरीवर चालणारा लहान हवापंप जवळ ठेवावा. तो नसल्यास तांब्याने टाकीतलेच पाणी उचलून हातभर उंचीवरून पुनःपुन्हा ओतावे आणि वीज येईपर्यंत खाद्य बंद ठेवावे. हवेचा पंप नेहमी पाण्याच्या पातळीहून उंच ठेवावा, म्हणजे वीज गेल्यावर नळीतून पाणी उलट वाहून पंपात शिरणार नाही.

मासा सांभाळणे अशक्य झाल्यास

इतके करूनही कधी घर बदलते, कधी मासा अपेक्षेबाहेर वाढतो. अशा वेळी दया म्हणून तो नदीत सोडला जातो. ही दया इतर माशांच्या जिवावर उठते. २०१८ च्या महापुरानंतर केरळातील चालकुडी नदीत दक्षिण अमेरिकेतील अरापैमा सापडले. २०२३ साली श्रीनगरच्या दाल सरोवरात उत्तर अमेरिकेतील ॲलिगेटर गार आढळला. काच साफ करण्यासाठी विकला जाणारा काळा, खरखरीत, तळाशी चिकटणारा मासा भारतातील कित्येक जलाशयांत पसरला असून त्याच्या कठीण काटेरी अंगाने मच्छीमारांची जाळी फाटतात. ऑस्कर दुसऱ्या माशांची पिल्ले खातो. शेततळेही याला अपवाद नाही. पावसाळ्यात ते सांडव्यावाटे ओढ्याला मिळते. शेततळ्यात रोहू, कटला व मृगळ सोडावेत. हौशी मासा तेथे नको.

न सांभाळता येणारा मासा विक्रेत्याकडे परत द्यावा, मोठा हौद असलेल्या पाळणाऱ्यास द्यावा, किंवा जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात सल्ला विचारावा. नेताना मोठ्या माशास जाळ्याने उचलू नये. त्याचे काटे जाळ्यात अडकतात व खवले निघतात. ओल्या, मऊ धोतराची झोळी करून दोघांनी ती पाण्याखाली धरावी, मासा तिच्यावर आला की पाण्यासकट उचलून झाकणाच्या पिंपात सोडावा. पिंप टाकीतल्याच पाण्याने निम्मे भरलेले असावे. निघण्यापूर्वी एक दिवस त्यास खावयास देऊ नये आणि प्रवास सकाळच्या थंड वेळी उरकावा.